मोलोकायचे संत डेमियन : सेवेतला आनंद



घरभेटींना गेलो की एक गोष्ट वारंवार कानावर येते. घर नवे बांधलेले असते, मुले शिकून नोकरीला लागलेली असतात, कशाची उणीव नसते. पण निघता निघता घरातले कोणीतरी हळूच सांगते की सगळे आहे, फक्त समाधान नाही. अशा वेळी आम्ही धर्मगुरू एक ठरलेले उत्तर देतो. दुसऱ्यांसाठी जगा, सेवा करा, आनंद आपोआप मिळेल. उत्तर चुकीचे नाही. पण एकदा हेच उत्तर मी अशा घरात दिले, जिथली सून सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे काही करीत होती. ती काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. त्या थकलेल्या डोळ्यांत आनंद शोधूनही सापडत नव्हता. सेवा तर ती माझ्यापेक्षा जास्त करीत होती. मग चूक कुठे होती? तिच्या सेवेत की माझ्या उत्तरात?

या प्रश्नाचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा एका माणसाचे जीवन आठवते. ख्रिस्तसभा १० मे रोजी ज्यांचा सण पाळते, ते मोलोकाय बेटाचे संत डेमियन.

शेतकऱ्याचा मुलगा

डेमियन यांचे मूळ नाव जोसेफ डी व्हूस्टर. बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शेती आणि धान्याचा व्यापार करीत. जोसेफ अंगाने धट्टाकट्टा, कामाला वाघ आणि स्वभावाने हट्टी. हा मुलगा पुढे आपला धंदा सांभाळील, अशी वडिलांची अपेक्षा होती. पण थोरला भाऊ ऑगस्ट लुव्हेन येथे येशू आणि मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संस्थेत दाखल झाला होता आणि जोसेफचेही मन तिकडेच ओढ घेत होते. १८५९ साली तोही त्याच मठात गेला आणि त्याने डेमियन हे नाव घेतले. भाऊ आता ब्रदर पाम्फिल झाला होता.

डेमियनचे शिक्षण बेताचे होते. लॅटिन येत नव्हते. हा मुलगा धर्मगुरू होण्याइतका शिकलेला नाही, असे वरिष्ठांचे मत होते. त्याला मठातील कष्टाची कामे देण्यात आली. डेमियनने तक्रार केली नाही. फावल्या वेळात भावाकडून लॅटिनचे धडे घेतले आणि इतकी प्रगती केली की वरिष्ठांना आपला निर्णय बदलावा लागला.

१८६३ साली संस्थेची एक तुकडी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी निघणार होती. तिच्यात पाम्फिल यांचे नाव होते. पण जहाज सुटण्याआधी ते तापाने आजारी पडले. डेमियन अजून धर्मगुरूही झाले नव्हते. तरी त्यांनी स्थानिक वरिष्ठांना डावलून थेट पॅरिसला संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि भावाची जागा मागून घेतली. महिनोन् महिने समुद्रप्रवास करून ते १९ मार्च १८६४ रोजी, संत जोसेफ यांच्या सणाच्या दिवशी, होनोलुलुला पोहोचले. २१ मे रोजी तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाईच्या मोठ्या बेटावर काढली. ज्वालामुखीचा प्रदेश, डोंगरदऱ्या, विखुरलेल्या वस्त्या. घोड्यावरून किंवा पायी फिरायचे, हवाईयन भाषा शिकायची, आणि जिथे चर्च नाही तिथे स्वतः करवत-हातोडा घेऊन ते उभारायचे. सुतारकामाचे हे कसब पुढे फार उपयोगी पडणार होते.

जिवंतपणीची कबर

बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर हवाई बेटांवर अनेक रोग आले. त्यांपैकी एक कुष्ठरोग. त्यावर त्या काळी औषध नव्हते आणि भीती मात्र अफाट होती. १८६५ साली राजा पाचवा कामेहामेहा याच्या राजवटीत कायदा झाला की रुग्णांना सक्तीने वेगळे काढावे. जानेवारी १८६६ पासून त्यांना मोलोकाय बेटाच्या उत्तरेकडील कालावाओ या ठिकाणी नेऊन सोडले जाऊ लागले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला दीड-दोन हजार फुटांचा उभा कडा. वेगळ्या तुरुंगाची गरजच नव्हती. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडले जाई. त्या कायद्याखाली शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे अशी हद्दपार झाली.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डेमियन येण्यापूर्वी त्या जागी प्रेम नव्हतेच, असे नाही. काही निरोगी हवाईयन माणसे आपल्या आजारी पतीबरोबर, पत्नीबरोबर किंवा मुलाबरोबर स्वेच्छेने त्या वनवासात गेली होती. प्रॉटेस्टंट रुग्णांनी स्वतःचे लहानसे प्रार्थनामंदिर बांधले होते. कॅथोलिकांसाठीही संत फिलोमिनाचे छोटे चर्च १८७२ साली उभे राहिले होते. पण तिथे कायम राहणारा धर्मगुरू नव्हता, डॉक्टर नव्हता. मेलेल्या माणसाला शवपेटीही मिळत नसे.

मे १८७३ मध्ये माउई बेटावर एका नव्या चर्चच्या अभिषेकाला बिशप मेग्रे आले होते. जमलेल्या धर्मगुरूंपुढे त्यांनी आपली चिंता मांडली. मोलोकायच्या रुग्णांना धर्मगुरू हवा होता, पण तिथे कोणाला आज्ञा देऊन पाठवणे त्यांच्या जिवावर येत होते. चार तरुण धर्मगुरू आपणहून पुढे आले. त्यांनी पाळीपाळीने जायचे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. गुरांनी आणि रुग्णांनी भरलेल्या बोटीतून बिशपांच्या सोबतीने ते १० मे १८७३ रोजी तिथे उतरले. वय तेहतीस. सोबत प्रार्थनापुस्तकाखेरीज फारसे काही नव्हते. राहायला घर नव्हते. चर्चजवळ आपल्या केवड्याच्या जातीचे एक झाड होते, त्याखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की आपली कायम इथेच राहण्याची तयारी आहे. दुसऱ्या कोणाची पाळी आलीच नाही.

तुम्ही ते आम्ही

रुग्णांना स्पर्श करायचा नाही, त्यांच्याबरोबर जेवायचे नाही, अशी सूचना डेमियन यांना मिळाली होती. सुरुवातीला त्यांना स्वतःलाही हे जड गेले. जखमांचा वास असा असे की मिस्सा चालू असताना त्यांना चर्चबाहेर मोकळ्या हवेत धावावेसे वाटे. त्या वासावर उपाय म्हणून त्यांनी पाइप ओढायला सुरुवात केली. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो की संतांना किळस येत नाही. डेमियन यांना किळस येत होती. पण त्यांना हेही कळत होते की ज्याला आपण हात लावत नाही, त्याला देवाचे प्रेम सांगणे व्यर्थ आहे. आजाऱ्याला अभ्यंग करायचा तर बोट लावावेच लागते. मग त्यांनी अंतर ठेवणे सोडून दिले. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. अळूच्या कंदापासून केलेला पोई हे तिथले रोजचे अन्न. तो ते रुग्णांबरोबर एकाच भांड्यातून खाऊ लागले. त्यांचा पाइप रुग्णांच्या हातांतून फिरे.

पुढची यादी मोठी आहे. वादळात झोपड्या उडाल्या तेव्हा सरकारकडे पाठपुरावा करून त्यांनी लाकूड मिळवले आणि रुग्णांच्या मदतीने घरे बांधली. दरीतले पाणी नळाने वस्तीत आणले. रस्ता केला. आईबाप नसलेल्या मुलामुलींसाठी वसतिगृहे उघडली. बँड बसवला, गायकवृंद तयार केला. बोटे झडलेली माणसे वाद्ये वाजवू लागली. शेकडो शवपेट्या त्यांनी स्वतःच्या हातांनी केल्या आणि कबरीही खणल्या. मेलेल्याला सन्मानाने पोहोचवण्यासाठी मंडळ स्थापन केले. पवित्र साक्रामेंताची आराधना सुरू केली. ज्या रुग्णाला पाळीच्या वेळी चर्चमध्ये येणे शक्य नसे, तो आपल्या खाटेपाशी गुडघे टेकून आपला तास पाळी.

या सगळ्यातून वस्तीचा चेहरा बदलला. रोग बरा झाला नाही, माणसे मरतच होती. पण ती आता माणसे म्हणून जगत होती आणि माणसे म्हणून मरत होती.

आपल्या लोकांना उद्देशून बोलताना डेमियन फार आधीपासून आम्ही कुष्ठरोगी असा शब्दप्रयोग करीत. तेव्हा ते निरोगी होते. डिसेंबर १८८४ मध्ये एका संध्याकाळी त्यांनी शिणलेले पाय गरम पाण्यात सोडले. पाणी उकळते होते, कातडी भाजली, पण त्यांना काहीच जाणवले नाही. बधिरपणाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १८८५ साली डॉक्टरांनी निदान पक्के केले. आता आम्ही हा शब्द शब्दशः खरा झाला होता.

आनंद आणि एकटेपणा

या काळातल्या डेमियन यांच्या मनाचे चित्र त्यांच्या पत्रांतून दिसते. आपण जगातले सर्वांत सुखी मिशनरी आहोत, असे ते लिहितात. बेट सोडून जाणे ही बरे होण्याची किंमत असेल, तर आपल्याला बरे व्हायचे नाही, असे त्यांनी भेटीला आलेल्या एका पाहुण्याला सांगितले होते.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. पण ती अर्धीच राहील. त्याच पत्रांत उदासीचे उल्लेखही आहेत. आल्यानंतर पहिल्याच वर्षी सरकारने त्यांना बेटाबाहेर पडण्यास बंदी केली होती. एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीतून आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही. तेव्हा डेमियन छोट्या होडीतून बोटीजवळ गेले आणि खालूनच मोठ्याने, फ्रेंच भाषेत, सर्वांच्या देखत त्यांनी पापनिवेदन केले. पुढेही कित्येक महिने दुसऱ्या धर्मगुरूचे दर्शन होत नसे. स्वभाव तापट होता. सोबतीला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटले नाही. युरोपातून त्यांच्या नावाने देणग्या येऊ लागल्या तेव्हा ते प्रसिद्धीच्या मागे आहेत, असा वरिष्ठांनाच संशय आला आणि रोगापेक्षा त्या संशयाने त्यांना अधिक दुखावले. मुलाला रोग जडल्याची बातमी बेल्जियमला पोहोचली, आणि १८८६ साली त्यांची आई वारली.

मग सुखी आहोत, हे त्यांचे म्हणणे खोटे होते का? नाही. इथे थोडे तत्त्वज्ञान उपयोगी पडते. ॲरिस्टॉटलने फार पूर्वी दाखवून दिले की सुख म्हणजे मनात येणारी-जाणारी गोड भावना नव्हे. माणूस ज्यासाठी घडला आहे ते तो करीत असतो, त्या जगण्याचेच नाव सुख. ख्रिस्ती विचाराने त्यात एक भर घातली. माणूस प्रेमासाठी घडला आहे. म्हणून प्रेम करणारा माणूस थकेल, रडेल, चिडेलही. पण खोलवर तो आपल्या जागी असतो. डेमियन थकले होते, एकटे होते, आणि तरीही आपल्या जागी होते. म्हणूनच त्यांना दुसरीकडे कुठे जायचे नव्हते. आनंद मिळावा म्हणून त्यांनी सेवा केली असती, तर पहिल्या आठवड्यातला तो वास त्यांना परत पाठवायला पुरेसा होता. त्यांनी आनंदाचा विचार केला नाही, माणसांचा केला.

आणि हे बळ कुठून येत होते, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर बसणे हाच त्यांचा रोजचा आधार होता. तो नसता तर आपण इथे टिकलो नसतो, अशी त्यांची कबुली आहे.

शेवटचे सोबती

एकट्या डेमियन यांच्या मदतीला शेवटी माणसे आली. जुलै १८८६ मध्ये जोसेफ डटन हे अमेरिकन गृहस्थ आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते सैनिक होते; आयुष्यात बरीच पडझड झाल्यावर त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली होती आणि आता त्यांना प्रायश्चित्त म्हणून काही करायचे होते. ते तिथे चाळीसहून अधिक वर्षे राहिले. १८८८ च्या मे महिन्यात फादर कॉनरार्डी आले. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सिस्कन संस्थेच्या मदर मरियान कोप आपल्या धर्मभगिनींसह दाखल झाल्या. डिसेंबरमध्ये एडवर्ड क्लिफर्ड हे इंग्लिश चित्रकार, कॅथोलिक नसूनही, भेटीला आले आणि येताना औषध म्हणून आपल्याकडच्या गुर्जन वृक्षाचे तेल घेऊन आले. आपल्या मुलांची काळजी घ्यायला आता माणसे आहेत, हे पाहून डेमियन निश्चिंत झाले. पवित्र सप्ताहातील सोमवारी, १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली ते झोपले होते, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

मृत्यूनंतर होनोलुलुच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. त्याला उत्तर दिले ते दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या माणसाने. ट्रेझर आयलंड या प्रसिद्ध कादंबरीचे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच मोलोकायला जाऊन आले होते. १८९० साली त्यांनी जाहीर पत्र लिहिले. डेमियन यांचे दोष त्यांनी लपवले नाहीत. पण तो माणूस किती मोठा होता, हे जगाला सांगितले.

त्या मृत्यूचे पडसाद आपल्या देशापर्यंत आले. लंडनमध्ये युवराजांच्या पुढाकाराने कुष्ठरोग निधी उभा राहिला आणि त्याच्या वतीने १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात पाहणीसाठी आला. या रोगाच्या संसर्गाचा धोका लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे डेमियन आणि डटन यांच्या नावाने अमेरिकेत कुष्ठसेवेचा एक पुरस्कार सुरू झाला. १९८३ साली तो आनंदवनच्या बाबा आमटे यांना देण्यात आला. डेमियन यांना वेदीचा मान मिळावा म्हणून मदर तेरेजा यांनीही पोपमहोदयांना विनंती केली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी संतपद दिले. मदर मरियान कोप २०१२ साली संत झाल्या.

आपल्यासाठी

डेमियन मोलोकायला पोहोचले त्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता. आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात आढळतात, आणि अंगावरचा बधिर चट्टा लोक अजून लाजेने लपवतात. असा चट्टा दिसला तर लपवू नका, दाखवून घ्या. आणि कोणाला हा आजार झाल्याचे कळले तर त्याच्या घरचा चहा नाकारू नका.

आता त्या सुनेकडे परत येतो. तिच्या सेवेत चूक नव्हती. माझे उत्तर अपुरे होते. थकवा आला, चिडचिड झाली, म्हणजे आपले प्रेम आटले, असे तिने समजू नये. डेमियनही थकले आणि चिडले. पण मी तिला सेवेचा उपदेश केला तेव्हा ती सहा वर्षे एकटीच कालावाओत होती आणि मी बोटीवरून बोलत होतो. मोलोकायला उपदेश करणारे पुष्कळ होते, उतरणारे थोडे. डेमियन यांच्यासारख्या संतालाही शेवटी डटन लागले, मदर मरियान लागल्या. सेवा करणाऱ्यालाही सोबत लागते.

आपल्या धर्मग्रामात अशी घरे किती आहेत, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. कुठे अर्धांगवायू झालेले वडील आहेत, कुठे जन्मापासून अपंग मूल आहे, कुठे काही न आठवणारी आजी आहे. आणि प्रत्येक घरात एक कोणीतरी आहे, जे बरेच दिवस रविवारच्या मिस्सालाही येऊ शकलेले नाही. या आठवड्यात अशा एका घरी जा. सल्ला देऊ नका. तास-दोन तास त्या आजाऱ्यापाशी बसा आणि त्या माणसाला मिस्साला, बाजारात किंवा नुसते झोपायला मोकळे करा. कदाचित तुम्हालाही तिथला वास सहन होणार नाही, बोलायला काही सुचणार नाही. हरकत नाही. परत येताना आनंद झाला का, हेही स्वतःला विचारत बसू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. एक दिवस त्या घराबद्दल बोलताना ते लोक हा शब्द जाऊन आपण हा शब्द तुमच्या तोंडी येईल. सहा महिन्यांपूर्वी समाधान नाही म्हणून आपण तक्रार करीत होतो, हे त्या दिवशी तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

संत डेमियन, आमच्यासाठी विनंती कर.

तुमचा धर्मगुरू